नटाची चूल

मला सिनेमाच्या पाट्या शेवटपर्यंत वाचण्याची खोड आहे. पूर्वी नटनट्यांची नावे खेळाच्या आरंभी येत, तेव्हा ही खोड खपून जाई. आता ती खेळ संपल्यावर येतात. टॉकीजचे दिवे लागतात, माणसे खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत बाहेर पडतात, आणि मी आपला मान वर करून उभा. आमच्या सौ. दाराशी जाऊन थांबतात आणि तिथूनच म्हणतात, "चला आता. का यांच्यापैकी कोणाशी सोयरीक जुळवायची आहे?"

सोयरीक नव्हे, पण ओळख करून घ्यायची असते एवढे खरे. नायकाचे नाव पाटीवर एकटे येते, ठसठशीत. नायिकेचेही तसेच. त्यानंतर मात्र नावे घोळक्याने येतात. रेशनच्या दुकानापुढे उभी असावीत तशी. त्या घोळक्यात नायिकेचा बाप असतो, कोर्टातला न्यायाधीश असतो, कॉलेजातला प्राध्यापक असतो, जावयाला घराबाहेर काढणारा सासरा असतो. त्यांचे चेहरे आपल्याला शेजाऱ्यासारखे ठाऊक असतात, नावे मुळीच ठाऊक नसतात. "तो हो, तो नाही का, त्या अमक्या सिनेमात मास्तर झालेला," असे म्हणून आपण वेळ मारून नेतो. अशा नटांना मराठीत चरित्र-अभिनेते म्हणण्याची पद्धत आहे. शब्द मोठा भारदस्त आहे. त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही, ही गोष्ट निराळी.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात अच्युत पोतदार वारले. एक्याण्णवावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. बातमीत नुसते नाव ऐकून आमच्या भंडाऱ्याच्या घरात कोणाला काही उमगले नाही. मग फोटो दिसला, आणि नातू ओरडला, "अरे, हे तर 'थ्री इडियट्स'मधले सर!" स्वयंपाकघरातून सौ. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आप्पा गेले!" एका घरात त्या गृहस्थांची दोन नावे निघाली, आणि दोहोंपैकी एकही त्यांचे नव्हते.

मला त्या दिवशी या माणसाविषयी कुतूहल वाटले ते त्यामुळेच. वाचून पाहिले, तर ते पडद्यावर आले तो रस्ताच मोठा लांबचा निघाला. जन्म १९३४ चा, जबलपूरचा, बालपण इंदुरात. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला परका वाटू नये असाच मुलूख. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत आपला जिल्हा आणि जबलपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर होती. आमच्या वडिलांच्या पिढीतले किती तरी लोक बदलीवर जबलपूर-सागर-होशंगाबाद हिंडून आले. त्यांचे मराठी थोडे हिंदीच्या वळणाचे आणि हिंदी थोडे मराठीच्या. तसल्या घरातली मुले दोन्ही भाषांत सारखी रुळतात. पोतदारांना पुढे याचा उपयोग झाला असला पाहिजे, असा माझा आपला तर्क आहे.

शिक्षण संपल्यावर त्यांनी रीवा येथे प्राध्यापकी केली. मग सैन्यात गेले, आणि १९६७ साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून बाहेर पडले. त्यानंतर इंडियन ऑइल या सरकारी तेल कंपनीत नोकरी धरली, ती पंचवीस वर्षे केली आणि १९९२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, रीतसर निवृत्त झाले. यात सिनेमा कुठे आला, असे वाचक विचारतील. तो मध्येच आला. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' हा चित्रपट १९८० सालचा. पोतदारांची चित्रपटातली वाटचाल तिथून धरतात. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या पुढे होते. आपल्याकडे त्या वयात माणूस मुलीच्या लग्नाचे आणि घराच्या गिलाव्याचे बघतो.

'आक्रोश'ची पाटी मात्र जरूर वाचावी अशी आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरी, नसीरुद्दीन शहा, स्मिता पाटील, अमरीश पुरी ही मोठी नावे तर आहेतच; पण खाली उतरत जावे तसतशी मौज वाढते. आपल्या नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार त्यात एका कार्यकर्त्याच्या कामात आहेत. आणि त्या मुक्या, आरोपी आदिवासीचा म्हातारा बाप झाले आहेत नाना पळशीकर.

पळशीकरांचे नाव निघाले म्हणून जरा थांबतो. हे गृहस्थ १९३५ पासून पडद्यावर वावरत होते. बी. आर. चोप्रांचा 'कानून' हा गाण्यांवाचूनचा चित्रपट १९६० साली आला, त्यात खुनाचा खोटा आळ आलेल्या भुरट्या चोराचे काम त्यांनी केले, आणि साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. पुढे ख्वाजा अहमद अब्बासांच्या 'शहर और सपना'साठी तेच पारितोषिक दुसऱ्यांदा घेतले. एवढे झाल्यावर माणसाने काय करावे? १९८२ साली 'गांधी' आला, त्यात ते एक खेडूत आहेत. नुसते खेडूत, पात्राला नावसुद्धा नाही. दोन वर्षांनी ते गेले. मला त्या खेडुताविषयी कीव वाटत नाही. मला वाटते, बोलावणे आले आणि काम करण्यासारखे आहे असे दिसले, की ते गेले. पडद्यावर आपण किती वेळ दिसतो याचे माप काढत बसणाऱ्या माणसाच्या हातून पन्नास वर्षे या धंद्यात निघत नाहीत.

पोतदारांकडे वळू. १९८० ते १९९२ ही बारा वर्षे नोकरी आणि चित्रीकरण एकत्र चालले. 'अर्धसत्य', 'तेजाब', 'परिंदा' हे चित्रपट याच बारा वर्षांतले. श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' ही मालिका दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झाली, तीही यातलीच. रविवारी सकाळी ती पाहायला गल्लीतली निम्मी मंडळी आमच्याकडे जमत, कारण टीव्ही थोड्यांकडेच होता. आमच्या समोर पोतदार तेव्हा बसून गेले, आणि आम्हांला पत्ता नाही! निवृत्तीनंतर तर त्यांना मोकळे रान मिळाले. 'रंगीला'त ते उर्मिला मातोंडकरचे वडील होते, 'वास्तव'मध्ये होते, 'लगे रहो मुन्नाभाई'त होते. एकूण चित्रपट सव्वाशेच्या घरात. मालिका, नाटके, जाहिराती निराळ्या.

आणि इतके करून लोकांनी त्यांना कशासाठी लक्षात ठेवले? २००९ सालच्या 'थ्री इडियट्स'मधल्या एका तासासाठी. तास म्हणजे कॉलेजचा तास. पडद्यावर तो काही मिनिटांचा आहे. यंत्राची व्याख्या विचारणारे ते प्राध्यापक. आमिर खान सोप्या भाषेत सांगतो, ती त्यांना चालत नाही. दुसरा मुलगा पुस्तकातली पाठ केलेली व्याख्या धडाधड म्हणून दाखवतो, ती चालते. पहिल्याला ते बाहेर काढतात. तो दारातून परत येतो आणि विसरलेल्या पुस्तकांचे वर्णन असल्या काही अवजड भाषेत करतो की सर वैतागून विचारतात, अरे, पण तुला म्हणायचे काय आहे? एवढेच. हिंदीतले ते चार शब्द पुढे असे काही पसरले की फोनवर चित्र म्हणून येऊ लागले. निवडणुकीच्या भाषणांखाली, अंदाजपत्रकाखाली, आणि माझ्या मागच्या वर्षीच्या एका लेखाखालीसुद्धा माझ्या नातवाने ते चिकटवले होते.

मी तो प्रसंग या खेपेस तीनदा पाहिला. त्यात ते हसवायला म्हणून काही करत नाहीत. कुणी दुसरा असता तर त्याने डोळे वटारले असते, टेबलावर हात आपटला असता. पोतदारांचा प्राध्यापक दुष्ट नाही, मूर्ख तर नाहीच. त्याला पुढचा भाग शिकवायचा आहे, घड्याळ पुढे सरकते आहे आणि हा पोरगा वेळ खातो आहे, एवढेच त्याचे दुःख. आमच्या काळी असले तीन तरी प्राध्यापक होते. तो वैताग खरा वाटतो, कारण त्या माणसाने रीव्याला खडू हातात धरलेला आहे. मध्ये कितीक वर्षे गेली, पंचाहत्तरी आली, तरी वर्गात उभे राहण्याची ढब अंगातून गेली नाही.

सौ.चे आप्पा म्हणजे झी मराठीवरच्या 'माझा होशील ना' या मालिकेतले. बाईमाणूस नसलेले घर, चार मामा, एक भाचा आणि सर्वांच्या वर हे आप्पा. ती मालिका मार्च २०२० मध्ये सुरू झाली. म्हणजे आप्पा तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे. आणि सुरू होऊन महिना झाला नाही तोच टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली.

इथे मला एका दुसऱ्या नटाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचे नाव मी देत नाही. दिले तरी आपल्याला ते ठाऊक नसणार, आणि या लेखाचे दुखणे तेच तर आहे. मे २०२० च्या अखेरीस सरकारने चित्रीकरणाला पुन्हा परवानगी दिली, पण अट घातली की पासष्ट वर्षांवरच्या कोणीही सेटवर येऊ नये. हेतू चांगला होता. म्हाताऱ्या माणसांना रोगाचा धोका जास्त. पण सिनेमातले आजोबा-आजी म्हातारेच असणार की! तेव्हा सत्तरीचे एक नट उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की चाळीस वर्षे मी सिनेमात आणि मालिकांत लहानसहान कामे करत आलो. पोट भरायला मला दुसरे साधन नाही. घरी बसून मी सुरक्षित राहीन, पण खाऊ काय? न्यायालयाने विचार केला. पासष्ट वर्षांच्या दुकानदाराला दुकान उघडून दिवसभर बसायला मनाई नव्हती. मग नटालाच का? ऑगस्टात ती अट रद्द झाली.

चाळीस वर्षे, आणि दुसरे साधन नाही. हे वाक्य मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा हातातला चहा तसाच राहिला होता. मालिकांच्या धंद्यात केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हाती पडण्याचा रिवाज आहे, असे त्या धंद्यातले लोक उघड सांगतात. नायकाला ते परवडते. न्यायाधीश होऊन दोन दिवस खुर्चीत बसणाऱ्याला ते कसे परवडावे? ए. के. हंगल यांच्यासारखा नट. 'शोले'तला तो आंधळा इमामसाहेब कोण विसरेल? त्यांच्या शेवटच्या काळात औषधपाण्याची ओढाताण चालली असल्याच्या बातम्या २०११ साली सगळ्या देशाने वाचल्या. मग मदत धावत आली, हे खरे. पण नव्वदी ओलांडलेल्या माणसाने तशा बातमीची वाट का पाहावी?

पोतदारांचे असे झाले नाही. अभिनय ते त्या सत्तरीच्या नटापेक्षा चांगला करत की नाही, हे ठरवणारा मी कोण? फरक चुलीचा होता. त्यांची चूल पंचवीस वर्षे पगारावर पेटत होती, आणि म्हणून पडद्यावरचे दोन मिनिटांचे काम त्यांना आवडीने घेता आले. आपल्या मराठी नटांत ही परंपराच आहे म्हणाना. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि दवाखाना सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. अशोक सराफ कितीक वर्षे बँकेत होते. अमोल पालेकरही बँकेतलेच. निळू फुले माळीकाम करून राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहत. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ.

हे पुराण मी लावले त्याला कारण आमच्या गल्लीत घडले.

गल्लीत एक मुलगा आहे, तेवीस वर्षांचा. बी.कॉम. झाला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोनदा अभिनयाचे बक्षीस घेतले. नकला छान करतो. माझीही करतो, असे कानावर आहे. वडील शाळामास्तर होते, आता घरी असतात. लाखांदूरकडे वडिलोपार्जित दोन एकर धानाच्या बांध्या आहेत. मुलाच्या डोक्यात असे आले की मुंबईस जाऊन अभिनयाच्या एका वर्गात नाव घालावे. त्या वर्गाची फी ऐकून माझा चष्मा नाकावरून खाली आला. पैसे कुठून आणायचे? तर बांध्या विकून. बापलेकांचे बोलणे आठ दिवस बंद. आईने सौ.जवळ येऊन डोळ्यांना पदर लावला. मग एके संध्याकाळी मुलगाच माझ्याकडे आला.

"काका, तुमीच समजावा ना जी बाबाले," तो म्हणाला. "वावर तसंबी पडून राह्यते. पैसा आला की मी परत घेऊन देतो."

वावर पडून राहत नाही, त्याचा बाप दर पावसाळ्यात रोवणीला पंधरा दिवस तिथे जाऊन राहतो, हे मला ठाऊक होते. पण मी वाद घातला नाही. त्याला पोतदारांची सगळी कथा सांगितली. प्राध्यापकी, पलटण, तेल कंपनी, सारे काही. त्याने शांतपणे ऐकले. मुलगा गुणी आहे. ऐकून म्हणाला, "ते बरोबर आहे जी काका. पण मी पंचेचाळीस वर्सं थांबू का मग?"

प्रश्न रास्त होता. सरकारी नोकरी आता बी.कॉम.च्या पोराला मागितली की मिळते थोडीच! पोतदारांना जी चूल मिळाली तशी मिळवायलाच आज लोक तिशी गाठतात, परीक्षा देता देता. शिवाय सर्व सोडून निघालेले आणि नाव काढलेले नटही आहेत; ते नाहीत असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? फक्त जे निघाले आणि परतलेही नाहीत, त्यांची यादी कुठल्या पाटीवर येत नाही.

मी त्याला विचारले, "झाडीपट्टीत काम करशील?"

त्याने असे तोंड केले की जणू मी त्याला बोहारणीकडे पाठवत होतो.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथली बोली निराळी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले आहे. आणि इथली रंगभूमीही निराळी. दंडार आणि खडी गंमत हे तिचे जुने खेळ. दिवाळीत हलके धान घरी येऊ लागते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. म्हणजे जत्राच, पण लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात म्हणून तिला घरच्या कार्याची कळा. दिवसा खरेदी, पाळणे, पाहुणे. आणि रात्री नाटक. जिथे शंकरपट असतो तिथे दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक. नाटक दहाच्या पुढे सुरू होते आणि पहाटे संपते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या धंद्याचे ठाणे. पन्नासेक नाटक कंपन्या तिथल्या आणि आसपासच्या. माणसे दहा-दहा कोसांवरून येतात, तिकीट काढतात, पोरे मांडीवर निजवतात आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत हलत नाहीत. पुण्यामुंबईत नाटकाला प्रेक्षक नाहीत अशी ओरड मी ऐकतो तेव्हा मला हसू येते.

सगळे गोड आहे असे मात्र नव्हे. नाटके लांबतात. विनोद पुष्कळदा कमरेखाली उतरतो. कथेशी संबंध नसलेला नाच मध्येच येतो आणि संपता संपत नाही. तालमी थोड्या, त्यामुळे विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज कधी कधी नटाच्या आधी पोचतो. पोराचे म्हणणे असे, की तिथे सगळे ओरडून बोलतात. ओरडतात खरे. दोन-तीन हजार माणसे उघड्या रानात बसलेली, मागच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेले पाहिजे. पण त्याच ओरडण्यात एखादा नट असा आवाज खाली आणतो की रान गप्प होते. ते मी पाहिले आहे.

मी त्याला परशुराम खुणे यांचे नाव सांगितले. हे गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. विनोदी नट, लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. आठशे निरनिराळ्या भूमिका, पाच हजारांवर प्रयोग. २०२३ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आठशे भूमिका! पोतदारांचे चित्रपट सव्वाशेच्या घरात. एकाचा चेहरा साऱ्या देशाला ठाऊक आणि नाव कोणाला नाही. दुसऱ्याचे नाव झाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक, आणि नागपूर ओलांडले की ओळखणारे थोडे. यांतला यशस्वी कोण, हे मला सांगता येत नाही. पुष्कळ विचार केला तरी येत नाही.

पण मुलासाठी मी दाखवत होतो ती गोष्ट वेगळीच होती. झाडीतल्या किती तरी नटांची चूल धानावर पेटते. आषाढात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि धान घरात आले की तोंडाला रंग. होळी झाली की रंग पुसून पुन्हा बांधीवर. हंगामाची आखणीच शेतकऱ्याच्या सोयीने झाली आहे. ज्या दोन एकरांना तो नटाच्या वाटेतला धोंडा समजत होता, त्याच दोन एकरांवर या मुलखातला नट उभा आहे, एवढे मला त्याला सांगायचे होते.

इतके बोलून मी गप्प बसलो, तेव्हा सौ. आतून म्हणाल्या, "आणि कापलेल्या धानावर पाऊस पडला म्हणजे?"

बायकांना नेमके असे वेळी सुचते. धानाचा भरवसा पगारासारखा नाही, हे खरेच आहे. ऐन दिवाळीत पाऊस येतो आणि बांधीत कापून पसरलेले धान ओले होऊन काळे पडते. नटाला भविष्यनिर्वाह निधी नाही तसा शेतकऱ्यालाही नाही. दोन आतबट्ट्याचे धंदे एकत्र केल्याने एक किफायतीचा होतो असे कोणत्याही अर्थशास्त्राने म्हटलेले नाही. मी सौ.ना तेवढे कबूल केले. पण एक धंदा बुडाला तर दुसरा असतो, आणि दोन्ही एकाच साली बुडतीलच असे नाही. त्या सत्तरीच्या नटाजवळ तो दुसरा नव्हता.

मुलगा उठून गेला. पटले की नाही ते बोलला नाही. चार दिवसांनी त्याचे वडील आले आणि ओसरीवर बसून सुपारी कातरत राहिले. मास्तर मंडळींना मुद्द्यावर यायला वेळ लागतो. मग म्हणाले, "बांध्या विकत नाही जी. पण एका सालासाठी ठेक्याने देतो, आणि तो पैसा त्याच्या हातावर ठेवतो. नागपूरले जाऊन शिकला त शिकला. साल संपलं की बांध्या आपल्या आपल्याजवळ."

मी म्हटले, "आणि तुमची रोवणी?"

"एका पावसाळ्यात काय मरतो का मी रोवणीवाचून?" ते म्हणाले. पण सुपारी कातरायची त्यांनी थांबवली होती.

आता पुढचे वर्तमान. मुलाने नागपुरात एका लहानशा वर्गात नाव घातले आहे, शनिवार-रविवारचे. आठवड्याचे पाच दिवस तो भंडाऱ्यातच एका दुकानाचे हिशेब लिहितो. बी.कॉम. अगदीच फुकट गेले नाही. आणि लाखांदूरकडच्या त्यांच्या गावच्या मंडळींनी मंडईला जे नाटक बसवले आहे, त्यात त्याला दुसऱ्या अंकात हवालदाराचे काम मिळाले आहे. नायकाला पकडायला यायचे, तीन वाक्ये बोलायची, आणि नायक निर्दोष आहे असे कळल्यावर परत जायचे. तीन वाक्यांसाठी तो रोज रात्री गच्चीवर तासभर येरझाऱ्या घालतो. कसे चालावे, हे विचारायला परवा माझ्याकडेच आला होता. मी म्हटले, मला काय विचारतोस, कोतवालीसमोर जाऊन उभा राहा. तो खरोखरच दोन संध्याकाळी जाऊन उभा राहिला, आणि शेवटी तिथल्या शिपायाने त्याला हटकले.

गणवेश वडसाहून भाड्याने येतो आहे. पट्टा मात्र त्यात नव्हता, म्हणून माझा जुना, रुंद चामड्याचा पट्टा सौ.नी पेटीतून काढून दिला. मुलगा अंगाने बारीक आहे. त्याला नवे भोक पाडावे लागले. नाटक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे, रात्री दहाला. म्हणजे साडेअकराला. मास्तरांनी पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या धरायला सांगून ठेवल्या आहेत, आणि थंडी असते, शाली घेऊन या, असा निरोप पाठवला आहे.